बायकांची बराक

४ जून

प्रिय धाकटे,

फोनवर मला हल्ली निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानं भरते, म्हणून पत्र लिहिते आहे. तू आमच्या घरी धाकटी सून म्हणून आलीस तेव्हापासून तुला धाकटी म्हणते. आता तुझे केस माझ्याहून पांढरे झाले, पण माझ्या तोंडात दुसरं काही बसत नाही.

तुझ्या मुलाचा फोन आला होता. माझ्या सुनेनं तो घेतला आणि मला ओरडून सांगितला. तो म्हणतो, "आत्या, आईला आता तूच समजाव." माझा भाऊ गेल्याला वर्ष झालं. त्या घरात तू एकटी. मुलानं तुझ्यासाठी खोली तयार ठेवली आहे, भिंतींना रंगसुद्धा दिला. आणि तू त्याला काय सांगितलंस? "अजून मी हे शहर बघितलेलं नाही, बघून झालं की येते." अगं, लग्न झाल्यापासून त्याच शहरात आहेस ना? तो बिचारा हसावं की रडावं या विचारात पडला. शिवाय शेजारीण सांगते म्हणे की तू रोज दुपारी पिशवी घेऊन एकटीच कुठेतरी जातेस. या वयात तोल गेला, रस्ता चुकला, चक्कर आली, तर कोण आहे तिथे?

माझं बघ. कोर्टातली टंकलेखनाची नोकरी संपली आणि मी घर बंद करून मुलाकडे आले. सकाळी चहा हातात मिळतो. औषधं डबीत भरलेली असतात. दुपारी खिडकीत छान ऊन येतं. काही म्हणजे काही कमी नाही. सुरुवातीला जड जातं, मग सवय होते. सगळ्यांनाच कधी ना कधी घर सोडावं लागतं, त्याचं एवढं अवडंबर कशाला?

हट्ट सोड. मुलगा समजूतदार आहे म्हणून विचारतो तरी आहे.

तुझी,
वन्सं

१२ जून

वन्संना नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं. आता राग आणि हसू दोन्ही ओसरल्यावर लिहायला बसले आहे.

तुम्ही आमच्याकडे राहायला यायचात ते आठवा. चहा झाला की तुमचे भाऊ म्हणायचे, "चल ताई, तुला शहर दाखवतो." मी दारात उभी राहून विचारायचे, जेवायला कधीपर्यंत याल? तुम्ही आलात, तुमच्या जावा आल्या, यांचे साहेब आले, माझ्या माहेरचे आले. सगळ्यांनी हे शहर बघितलं आणि परत येऊन जेवताना मला सांगितलं. मी वाढत होते. पाहुणे नसायचे तेव्हा मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होते. या शहरातली निम्मी पोरं माझ्या हातच्या कपड्यात शाळेत गेली असतील, पण ती शाळेच्या सहलीला जिथे जायची तिथे मी कधी गेले नाही. तुमचे भाऊ वाईट नव्हते. त्यांना वाटायचं, हिला काय, ही इथलीच आहे, कधीही जाईल. आता ते "कधीही" आलंय, तर तुम्ही म्हणता सामान बांध.

मोठं वस्तुसंग्रहालय बघितलं. तिथे काचेच्या पेटीत एका सेनापतीचा डगला आहे. फार शूर होता, असं खाली लिहिलंय. मी वाकून बघते तर दोन्ही बगलांखाली जोड. रंग तोच, पण कापड वेगळ्या ताग्यातलं. म्हणजे स्वारी अंगानं चांगली सुटली होती आणि कुणा शिंप्यानं त्यांची अब्रू राखली होती. मला असं हसू फुटलं की पहारेकरी बघायला आला. त्यालाही दाखवलं. तोही हसला. मग जुनं पाणीघर बघितलं, तिथली यंत्रं अजून तेल दिल्यासारखी चकाकतात. चित्रांच्या दालनात पाय दुखेपर्यंत उभी राहिले. कुणी विचारलं नाही, जेवायला काय आहे.

परवा जुना तुरुंग बघायला गेले. आता तिथे कैदी नाहीत, तिकीट आहे. वाटाड्या आम्हा दहाबारा जणांना फिरवत होता. बेड्या दाखवल्या, अंधारकोठडी दाखवली, फाशीघराचं तर त्याला भारीच कौतुक. मागच्या चौकात एक बुटकी इमारत दिसली, दाराला कुलूप. फाटकावरच्या नकाशात तिच्यावर लिहिलंय, "बायकांची बराक". मी म्हटलं, हे कधी दाखवणार?

"तिथे बघण्यासारखं काही नाही, आजी."

"बघण्यासारखं बघायला मी चित्रांच्या दालनात गेले होते. इथे तुरुंग बघायला आलेय."

लोक हसले. तो म्हणाला, "चला, फाशीघराकडे." आणि चालू लागला.

मला ते कुलूप काही सुचू देत नाहीये, वन्सं. ती बराक बघितल्याशिवाय मी कुठेही यायची नाही. मुलाला सांगा, खोलीचा रंग नीट वाळू दे.

तुमची,
धाकटी

२१ जून

प्रिय धाकटे,

तो तुरुंग मी बघितला आहे. माझ्या भावानंच दाखवला होता. बायकांची बराक वगैरे मला कुणी दाखवली नाही आणि मला कधी वाटलंही नाही की अशी काही असेल. समजा आहे. त्यात काय असणार आहे? चोऱ्यामाऱ्या करणाऱ्या, नाहीतर नवऱ्याला विष घालणाऱ्या बायका. मी कोर्टात त्यांची प्रकरणं टाइप केली आहेत, मला त्यांचं नवल नाही. तू घरंदाज बाई, त्यांच्या कोठडीत डोकावून तुला काय मिळणार?

खरं सांगू? तुला जायचं नाही आणि म्हणून तू निमित्त शोधते आहेस. आज बराक, उद्या बुरूज, परवा आणखी काही. शहर कधी बघून संपतं का?

भाच्याशी मी बोलून घेतलं. तो जुलैअखेर गाडी घेऊन येईल आणि तुला घेऊन जाईल. तू विचार करत बसशील म्हणून मी तुझ्या वतीनं हो म्हणून टाकलं. मनाला लावून घेऊ नकोस. मी मोठी आहे, माझं कधीतरी ऐकावं.

तुझी,
वन्सं

३० जून

वन्संना नमस्कार.

माझ्या वतीनं तुम्ही दिलेलं हो मी मुलाला फोन करून परत घेतलं. तुम्ही मोठ्या आहात म्हणून एवढंच लिहिते. दुसरं कुणी असतं तर आणखी पानभर लिहिलं असतं.

आता ऐका. मी पुन्हा तुरुंगात गेले. या वेळी वाटाड्याच्या नादी लागले नाही, सरळ कार्यालयात गेले. तिथे एक मुलगी बसते, जाड चष्मा, बोटांना शाई. वस्तूंची देखभाल तीच करते. मी विचारलं, बराक का उघडत नाही? ती म्हणाली, "दुरुस्ती चालू आहे." मी म्हटलं, दुरुस्ती चालू असती तर धूळ उडाली असती, कुणीतरी ठोकत असतं. ती उठली, तिनं दार लोटून घेतलं आणि किल्ली काढली.

मागच्या बाजूनं तिनं मला आत नेलं. एकच लांब खोली. खिडक्या इतक्या उंच की आभाळाशिवाय काही दिसू नये. फरशीत ओळीनं खळगे पडलेत. तिथे जाती होती, बायका बसून अख्ख्या तुरुंगाचं दळण दळायच्या. कोपऱ्यात मोडक्या खुर्च्या आणि रंगाचे डबे रचून ठेवलेत. मला वाटलं, एवढंच असेल. तेवढ्यात ती म्हणाली, "आजी, जरा खाली बसा." मी बसले. तिनं विजेरीचा उजेड भिंतीवर आडवा टाकला.

वन्सं, भिंतभर चित्रं आहेत. खिळ्यानं नाहीतर खड्यानं कोरलेली. शेळी आहे. चाक असलेलं काहीतरी आहे. एक हात आहे, त्याला बोटं जास्तच काढलीत. सगळी माझ्या गुडघ्याच्या उंचीला. उभं राहून बघितलं तर दिसतही नाहीत. ज्या बायकांना बाहेर कुणी नव्हतं त्यांची पोरं त्यांच्याबरोबरच आत राहायची, असं ती म्हणाली. काहींचा जन्मच तिथला. एका ठिकाणी कुणीतरी सूर्य काढलाय आणि त्याला गज काढलेत. ज्या पोरानं काढला त्यानं सूर्य तसाच बघितला असणार.

विष घालणाऱ्या बायका असतील, मी नाही म्हणत नाही. पण त्या शेळीनं कुणाला विष घातलं होतं?

आता खरी गोष्ट. तुरुंगाच्या विश्वस्तांनी ठरवलंय, त्या बराकीत उपाहारगृह काढायचं. भिंतींना गिलावा, वर रंग, टेबलं, चहाकॉफी. चष्मेवालीनं अध्यक्षांना चित्रांबद्दल सांगितलं होतं. ते म्हणाले, पोरांच्या रेघोट्या आहेत, घरोघरी असतात. तिची नोकरी कराराची. जास्त बोलली तर करार पुढे वाढायचा नाही. घरी आजारी वडील आहेत. मी तिला म्हटलं, तू बोलू नकोस. मला कोण काढून टाकणार आहे? मी कुणाच्याच पगारावर नाही.

परवापासून मी घडीचं स्टूल घेऊन जाते. तिकीट काढते आणि त्या कुलपासमोर बसते. कुणी विचारलं की सांगते, आत काय आहे आणि त्यावर काय फासणार आहेत. वाटाड्या माझ्याकडे बघतो आणि आवाज चढवून फाशीघराची गोष्ट सांगतो.

तुमची,
धाकटी

१९ जुलै

वन्संना नमस्कार.

अक्षर बघून दचकू नका. मी सांगते आहे आणि तुरुंगाच्या कार्यालयातली चष्मेवाली लिहिते आहे. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. न्हाणीघरात पाय घसरला. विशेष काही नाही.

(आत्या, मी तुम्हाला ओळखत नाही, पण खोटं लिहायला माझा हात वळत नाही. आजी न्हाणीघरात पडल्या नाहीत. तुरुंगाच्या पायऱ्यांवर पडल्या, स्टूल घेऊन चढताना. मनगट मोडलंय. – लेखनिक)

ती काय लिहिते आहे ते मला दिसतंय. बरं, पायऱ्यांवर. तुम्ही मुलाला सांगाल म्हणून लपवत होते. आता सांगा. त्याला कळलंच आहे, कारण अध्यक्षांनी स्वतः फोन करून त्याला कळवलं. माझ्या मुलाचा नंबर त्यांनी कुठून मिळवला, देव जाणे. फार गोड बोलले म्हणे. "तुमच्या मातोश्री आमच्या आवारात पडल्या, आम्हाला फार काळजी वाटते, त्यांना आवरा." आणि दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी: साठीच्या पुढच्यांनी सोबत असल्याशिवाय आत येऊ नये, त्यांच्याच सुरक्षेसाठी. मी तिकीट मागितलं तर खिडकीतल्या माणसानं मान खाली घातली. त्याची बायको माझ्याकडून कपडे शिवून घेते.

म्हणजे बघा, इतकी वर्षं मी बाहेर पडले नाही तेव्हा कुणाला माझी काळजी नव्हती. आता पडले तर सगळ्या गावाला माझ्या हाडांची चिंता.

(आजी हे चिडून सांगत आहेत. चहा थंड झालाय, घेत नाहीत. – लेखनिक)

मुलगा चिडलाय. जुलैअखेरची वाट न बघता तो येत्या आठवड्यातच येतोय. सून म्हणते, आमची लोकांत शोभा झाली. मला हातानं बटण लावता येत नाही, वन्सं, केस विंचरता येत नाहीत. शेजारीण येऊन वेणी घालून जाते. अशा वेळी मुलगा समोर उभा राहिला आणि म्हणाला, "आई, चल," तर मी काय तोंडानं नाही म्हणू? हे मी तुम्हालाच विचारते, कारण बाकी सगळ्यांना मी अगदी खंबीर आहे असं वाटतंय.

बराकीत रंगारी येऊन मापं घेऊन गेला.

तुमची,
धाकटी

(आत्या, एक माझ्याकडून. मी आजींना अडवायला हवं होतं. पण माझ्या बाजूनं आजवर कुणी असं स्टूल टाकून बसलेलं नव्हतं. – लेखनिक)

२५ जुलै

धाकटे,

सोबत अर्ज जोडला आहे. तीन प्रती आहेत. एक अध्यक्षांना, एक पुरातन वास्तूंच्या सरकारी कार्यालयाला, एक तुझ्याकडे. दोन्ही ठिकाणी पोच घ्यायची, शिक्का आणि सही. पोच दिल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. त्यात मी एवढंच विचारलं आहे: कोणत्या नियमाखाली तिकीटधारकाला वयावरून मज्जाव केला, नकाशात दाखवलेली वास्तू कोणत्या आदेशानं बंद आहे, आणि भिंतींना गिलावा करायची परवानगी कुणी, कधी दिली. भाषा अगदी नम्र आहे. कोर्टात मी एक गोष्ट शिकले. रागाचा अर्ज फायलीत जातो आणि नम्र अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

माझ्या मुलाचं संगणकाचं यंत्र मला चालवता येत नाही. माझा जुना टाइपरायटर माळ्यावर होता. सून म्हणाली, "कशाला हवाय आता?" मी म्हटलं, "हवाय." मला इथे येऊन इतकी वर्षं झाली, पण "हवाय" हा शब्द बहुतेक पहिल्यांदाच बोलले. तिनं काढून दिला. वाईट नाही ती.

तुला लिहिलं होतं, काही म्हणजे काही कमी नाही. ते खरंच आहे. सगळं हातात येतं. म्हणूनच हाताला काम नाही. मी कधी उठायचं, काय खायचं, कुठल्या खिडकीत बसायचं, हे ठरलेलं आहे आणि ते सगळं माझ्या भल्यासाठी आहे. इथल्या बाजाराचा रस्ता मला ठाऊक नाही. एकदा विचारला होता. मुलगा म्हणाला, काय हवं ते सांग, मी आणतो. मग मी विचारायचं सोडलं. तुझी पत्रं येतात तेव्हा मी ती खोलीचं दार लावून वाचते. कुणी अडवणार नाही, पण लावते.

तू विचारलंस, मुलगा समोर उभा राहिला तर कोणत्या तोंडानं नाही म्हणू. मोडक्या हातानं म्हण. हात मोडला म्हणजे मत मोडलं असं होत नाही. त्याला आत घेऊन जा. तुला सोबत लागते ना? तो सोबत होईल. पाटीचा मान राखल्यासारखं होईल.

आणि तुझ्या वतीनं मी जे हो म्हटलं होतं ते मीही परत घेते. भाच्याला तसं वेगळं कळवलं आहे, लेखी.

तुझी,
वन्सं

९ ऑगस्ट

वन्संना नमस्कार.

हे डाव्या हातानं लिहिते आहे, म्हणून अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आहे. चष्मेवाली लिहून द्यायला तयार होती. पण तिच्याबद्दलही लिहायचंय, ते तिच्याच हातून कसं लिहून घेऊ?

मुलगा आला. रजा मिळायला दोन-तीन दिवस उशीर झाला, तोवर तुमचं पत्र पोचलं होतं. गाडीच्या मागच्या भागात रिकाम्या बॅगा. घरात पाऊल टाकल्या टाकल्या कपाट उघडायला लागला. मी म्हटलं, आधी माझ्याबरोबर एका ठिकाणी चल, मग बॅगा भर. तो म्हणाला, "आई, त्या तुरुंगाचं नाव काढू नकोस." मी चपला घातल्या आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. पाच मिनिटं तो आत धुसफुसत होता. मग आला.

खिडकीवर मी म्हटलं, दोन तिकिटं, ही माझी सोबत. अर्जाची पोचही तिथेच घेतली; सरकारी कार्यालयाची प्रत आदल्या दिवशीच देऊन आले होते. चष्मेवालीनं मागचं दार उघडलं. या वेळी तिनं इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही. मुलगा उभाच होता. हे सगळं मोडक्या खुर्च्यांसाठी का, असं त्याचं तोंड. मी म्हटलं, खाली बस. एवढा मोठा माणूस, विजार वर ओढून फरशीवर बसला. उजेड पडला. तो भिंतीजवळ सरकला आणि म्हणाला, "हे गिलावा करून बुजवणार आहेत?" चष्मेवाली म्हणाली, पुढच्या सोमवारी.

घरी आल्यावर आमचं भांडण झालंच. फार प्रेमानं नाही झालं, वन्सं. तो म्हणाला, चित्रांचं ठीक आहे, पण तुझं काय? रात्री काही झालं तर? मी म्हटलं, रात्री काही झालं तर होईल. मी तुझ्याकडे येईन, राहीन, परत येईन. पाहुणी म्हणून. सामान म्हणून यायची नाही. त्याचे डोळे भरले, मग राग आला, मग तो रिकाम्या बॅगा घेऊन गेला. सून अजून बोलत नाही. हे सगळं गोड झालं असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पण जाण्याआधी त्यानं वेणी घालून दिली. भयंकर घातली.

आता मजेचं. शेजारणीनं गणवेशवाल्या बायकांना सांगितलं. मी ज्यांच्या पोरांचे कपडे शिवले त्या आया, काहींच्या सासवा, एक शाळेची बाई. कुणी मोर्चा काढला नाही, घोषणा दिल्या नाहीत. रोज दोघी-तिघी जातात, तिकीट काढतात, वाटाड्याबरोबर फिरतात आणि मागच्या चौकात आल्या की शांतपणे विचारतात, "बायकांची बराक कधी दाखवणार?" तो म्हणतो, तिथे बघण्यासारखं काही नाही. त्या म्हणतात, बरं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दोघी. परवा एक परगावचा पाहुणा, त्याला यातलं काही माहीत नाही, त्यानंही ऐकून तोच प्रश्न विचारला. वाटाड्यानं टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाला, "मलाच कुणीतरी दाखवा हो. मीही आतून बघितलेली नाही."

सोमवारी रंगारी आला नाही. सरकारी कार्यालयातून माणूस आला, तुमचा अर्ज हातात घेऊन. त्यानं भिंतीचे फोटो काढले आणि जाताना अध्यक्षांना म्हणाला, परवानगीचा कागद पाठवून द्या. कागद नव्हताच.

तुमची,
धाकटी

२० ऑगस्ट

धाकटे,

तुझं पत्र मी सुनेला मोठ्यानं वाचून दाखवलं. वेणीपाशी ती हसली आणि उठून स्वयंपाकघरात गेली. मग येऊन म्हणाली, "आई, बाजार डाव्या हाताला आहे. वळणावर औषधांचं दुकान लागतं." मी जाऊन आले. काही घेतलं नाही.

कागद नव्हता, हे मला अर्ज करतानाच वाटलं होतं. गप्प राहिले, कारण तुझा हात मोडलेला होता आणि खोटी आशा लावायची नव्हती. आता गाफील राहू नकोस. असले लोक हरले की सवलत देतात, आणि सवलतीत फट ठेवतात. जे देतील ते लेखी घे, वार आणि वेळ घालून.

मी तुझ्याकडे येणार आहे. मुलाला विचारलं नाही, सांगितलं. तो म्हणाला, "आई, तुला ऐकू येत नाही, एकटी कशी जाशील?" मी म्हटलं, मला बघायला जायचंय, ऐकायला नाही. कधी येऊ ते कळव.

तुझी,
वन्सं

७ सप्टेंबर

वन्संना नमस्कार.

हात सुटला. अजून घट्ट मूठ होत नाही, पण सुईत दोरा ओवता येतो.

तुम्ही म्हणालात तसंच झालं. उपाहारगृह फाटकाजवळ जाणार, बराकीला गिलावा नाही. साठीची पाटी काढली. पण म्हणाले, बराकीत बसवायला माणूस नाही, माणूस असेल तरच उघडता येईल. त्यांना वाटलं, विषय संपला. मी म्हटलं, मी बसते. बुधवारी आणि शनिवारी, दुपारभर. तुमचं ऐकून लेखी घेतलं आणि तशी पाटी लावायला लावली. चष्मेवालीचा करार वाढला की नाही, ते या महिन्याअखेर कळेल. तिला अजून धाकधूक आहे. मला मुलाचा फोन आला, म्हणाला, "आई, तू खरंच तुरुंगात बसणार?" मी म्हटलं, राजीखुशीनं. तो हसला नाही, पण फोनही ठेवला नाही. हात कसा आहे ते विचारलं.

काल शनिवार. मी दारात खुर्ची टाकून बसले होते. दुपारी वाटाड्या आला, नजर चुकवत म्हणाला, "आजी, आज बराक बंद ठेवायची आहे. चौकात अध्यक्षांच्या पाहुण्यांचं जेवण आहे. ताटं-भांडी आत ठेवायची आहेत." मागे चार माणसं, हातात ताटांच्या चळती.

मी म्हटलं, "पाटीवर शनिवार लिहिलंय. आज शनिवार आहे."

तो गेला आणि अध्यक्षच आले. उंच, स्वच्छ कपडे, आवाज अगदी साखरेचा. "आजी, एक दिवस नाही उघडलं तर काय बिघडणार आहे?"

"काही नाही. एवढी वर्षं नाही उघडलं, तेव्हाही कुणाचं काही बिघडलं नाही. म्हणून तर उघडलं नाही."

"मी या संस्थेचा अध्यक्ष आहे."

"मला माहीत आहे. कागदावर तुमचीच सही आहे."

तेवढ्यात एक बाई आली, तिकीट हातात, कडेवर लहानगी. विचारलं, "उघडं आहे ना?" मी म्हटलं, आहे, या. ताटंवाल्यांना बाजूला सरकावं लागलं. बाई आत गेली. पोरगी कडेवरून उतरली आणि कुणी न सांगता थेट भिंतीशी गेली. तिला वाकावं लागलं नाही. तिनं शेळीवर बोट ठेवलं आणि शेळीसारखी ओरडली.

ते ऐकून पाहुण्यांतले एक म्हातारे गृहस्थ आले आणि भिंतीशी गुडघ्यांवर बसले. मग त्यांच्या पाठोपाठ दोघं-तिघं. आता अध्यक्षांना बाहेर थांबता येईना. तेही आत आले. उभ्यानं त्यांना काही दिसेना, म्हणून त्या म्हाताऱ्या गृहस्थांसारखे तेही गुडघ्यांवर बसले. त्या सूर्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे मान वळवून त्यांनी विचारलं, "हे सगळं इतकं खाली का काढलंय?"

तेव्हा मला कळलं, हा माणूस आजवर कधी आत आलाच नव्हता. न बघताच त्यानं यावर रंग द्यायला सांगितलं होतं.

मी म्हटलं, "हात तेवढाच पोचत होता."

ते उठले आणि गुडघे झटकले. ताटं चौकातच मांडली गेली, उन्हात. जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी आधी कळवीन." मी म्हटलं, कळवा. उघडं मात्र राहणारच.

तुम्ही या. पाणीघर, चित्रांचं दालन, सगळं मी दाखवीन. तुम्ही बघितलेलं असलं तरी पुन्हा बघा, माझ्याबरोबर. जेवायला आपण बाहेरच कुठेतरी बसू. गाडी मात्र रविवारची घ्या. शनिवारी मला सुट्टी नसते.

तुमची,
धाकटी